गुन्हा करताना वेडा, की खटला चालताना?

"येड्याचं सर्टिफिकेट आणलं की सुटला बघ गडी!" कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या चहाच्या गाड्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऑगस्ट 2025 पासून तिथंच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय, तेव्हापासून गाड्यावरचे कायदेपंडितही वाढलेत. गंमत अशी, की या एका वाक्यात कायद्यातल्या दोन निराळ्या गोष्टींची मिसळ झालेली असते.

पहिली गोष्ट म्हणजे बचाव. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम 84, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22. इथं प्रश्न फक्त त्या घटकेचा. वार करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवतच मनोविकलतेमुळे उरली नव्हती का? ही कसोटी 1843 च्या लंडनमधली. डॅनियल मॅकनॉटननं पंतप्रधान पील यांचे खासगी सचिव ड्रमंड यांना गोळी घातली, ज्युरीनं त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं, लोक खवळले आणि न्यायाधीशांना नियम लिहून द्यावे लागले.

त्यामुळं नुसती दवाखान्याची फाईल पुरत नाही. डॉक्टरांच्या लेखी आजारी असलेला माणूस कायद्याच्या लेखी भानावर असू शकतो. गुन्हा भयंकर आहे म्हणूनही वेड सिद्ध होत नाही. 2017 साली आपल्याच कोल्हापुरात एका मुलानं आईचा अमानुष खून केला, तेव्हा "असलं करणारा येडाच" असं जो तो म्हणत होता. सत्र न्यायालयानं 2021 मध्ये त्याला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं 2024 मध्ये ती कायम केली.

उलट महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायानं 1994 मध्ये बायकोच्या डोक्यात दगड घातला. त्याला स्किझोफ्रेनिया होता, घटनेच्या आधीपासून उपचार चालू होते, नंतरही चालले. मागचापुढचा हा सगळा इतिहास बघून सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये त्याला निर्दोष सोडलं. अर्थात 'सोडलं' म्हणजे लगेच घरी, असं नाही. कृत्य यानंच केलं, हे निकालात नोंदवावं लागतं, आणि मग त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं की जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाकडं द्यायचं, हे ठरतं.

दुसरी गोष्ट आजची. कठड्यातल्या माणसाला आत्ता स्वतःचा बचाव करता येतो का? नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 पासून पुढचा मार्ग. गुन्हा करताना तो अगदी शहाणा असला तरी चालेल. प्रथमदर्शनी पुरावा असेल तर खटला मिटत नाही, थांबतो. बरा झाला की पुन्हा सुरू.

गाड्यावरच्या मंडळींना ही पळवाट वाटते. पण आसामच्या मचांग लालुंगला 1951 मध्ये अटक झाली आणि त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं, तरी त्याला कोर्टापुढं कुणी नेलं नाही. 2005 मध्ये, 54 वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर आला.