जुना अंक म्हणजे मौल्यवान अंक नव्हे
माळ्यावर सापडलेला कॉमिक्सचा कोणताही जुना अंक लाखोंना विकला जातो, हा मुंबईत वर्षानुवर्षे पसरलेला समज चुकीचा आहे; किंमत वयावर नव्हे, तर दुर्मिळता, मागणी आणि अंकाची अवस्था यांवर ठरते. मार्च १९६४ मध्ये मुंबईतूनच सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चे वेताळाच्या (म्हणजे 'फँटम' या मुखवटाधारी नायकाच्या) कथांचे सुरुवातीचे अंक संग्राहक आवर्जून शोधतात. उलट, १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'अमर चित्र कथा'ची अनेक पुस्तके वारंवार पुनर्मुद्रित झाल्यामुळे, छापील किंमत आणि मुद्रणाचा तपशील बारकाईने ताडून पाहिल्याखेरीज पहिली आवृत्ती ओळखता येत नाही. मुंबईच्या दमट हवेत मधल्या पिना गंजतात आणि त्यांचा तांबूस डाग पानांत उतरतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नये, कारण तिचा गोंद कागदात मुरून कायमचा पिवळा पट्टा उमटतो.