सँडपेपर, पत्रा आणि काँक्रीट: पंकनंतरचं ब्रिटिश डिझाइन

ब्रिटनमध्ये १९७६-७७ साली पंक या बंडखोर रॉक संगीताची लाट उसळली. नीट वाजवता येईपर्यंत थांबायचं नाही, हाताशी असेल त्यातून उभं करायचं, हा तिचा बाणा. पुढच्या दशकात तिथल्या डिझायनरांनी जे साहित्य हाती घेतलं, त्याचं मूळ मला या बाण्यात दिसतं.

आधी बदलली रेकॉर्डची वेष्टनं. १९७९ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड या बँडच्या अल्बमच्या तीन तबकड्या फिल्मच्या रिळासारख्या पत्र्याच्या गोल डब्यात आल्या. त्या इतक्या घट्ट बसत, की काढताना ओरखडे पडत. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीनं द दुरुत्ती कॉलम या बँडच्या अल्बमला चक्क सँडपेपरचं वेष्टन दिलं. कल्पना उसनी होती. फ्रेंच विचारवंत गी दबोर आणि डॅनिश चित्रकार आस्गर यॉर्न यांच्या १९५९ च्या पुस्तकाला असंच कव्हर होतं, कपाटातल्या शेजारच्या पुस्तकांना घासणारं.

याच फॅक्टरीनं मे १९८२ मध्ये हासिएंडा क्लब उघडला. जागा जुन्या यॉट शोरूमची, आणि डान्स फ्लोअरच्या कडेलाच इमारतीचे पोलादी खांब. अंधारात लोक त्यांवर आदळणार, हे उघड होतं. डिझायनर बेन केली यांनी ते झाकले नाहीत. कारखान्यांत धोक्याच्या जागी मारतात तसे पिवळे-काळे तिरके पट्टे त्यांवर ओढले. फ्लोअरची हद्द आखायला रस्त्यावरचे बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, आणि रस्त्यात बसवलेले, गाड्यांच्या दिव्यांत चमकणारे कॅट्स आय आणले. सुरक्षेची गरज होती, तिचीच सजावट झाली. त्या काळातलं हे मला सगळ्यांत अस्सल काम वाटतं.

लंडनमध्ये डिझायनर रॉन अराद यांनी १९८३ मध्ये स्टिरिओ काँक्रीटमध्ये ओतला, आणि कडा फोडून आतल्या सळया उघड्या ठेवल्या. तिथलेच दुसरे डिझायनर टॉम डिक्सन तर मुळात फंकापॉलिटन बँडचे बास वादक. मोटरसायकल दुरुस्त करायला वेल्डिंग शिकले आणि भंगारातून खुर्च्या जोडू लागले. क्लबच्या मंचावर प्रेक्षकांसमोरही त्यांनी वेल्डिंग केलं. त्यांच्या इंग्रजी S च्या आकाराच्या ‘एस’ खुर्चीच्या सुरुवातीच्या नमुन्यांवर टायरच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं. पुढे इटलीच्या कापेलिनी कंपनीनं ती उत्पादनात घेतली, तेव्हा रबराच्या जागी विणलेलं गवत आलं. दिसायला ती जास्त देखणी झाली, पण मला रबराचीच आवडते.