पीएफ आणि पीएफची पेन्शन: एकाच पासबुकातल्या दोन वेगळ्या गोष्टी

पीएफचं पासबुक उघडलं की रकमेचे तीन रकाने दिसतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये असतील, तर दर महिन्याला तिथे 1,800, 550 आणि 1,250 असे आकडे पडतात. बरेच जण तिन्हींची बेरीज करून म्हणतात, माझे इतके साठले. ही बेरीज करायचीच नसते. पहिले दोन रकाने म्हणजे ईपीएफ, आपला भविष्य निर्वाह निधी. तिसरा ईपीएस, म्हणजे 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू असलेली पेन्शन योजना. दोन्ही एकाच कार्यालयाकडे आणि एकाच यूएएनवर (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकावर) असतात, म्हणून गल्लत होते.

ईपीएफ सरळ आहे. तुमच्या पगारातले 12 टक्के पूर्ण तिथे जातात, मालकाच्या 12 टक्क्यांतला पेन्शनला जाऊन उरलेला भाग त्यात पडतो आणि त्यावर चक्रवाढ व्याज मिळतं (2024-25 साठी 8.25 टक्के). जितकं साठेल तितकं तुमचं, तुमच्या मागे वारसाचं.

पेन्शनच्या रकान्यात तुमच्या पगारातला एक रुपयाही जात नाही. मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के तिकडे वळतात, तेही 15,000 पगाराच्या मर्यादेपर्यंतच. त्यावर व्याज नाही आणि ती रक्कम तुमच्या नावावर वाढतही नाही. इथे पैसे मोजायचे नसतात, वर्षं मोजायची असतात. हिशेब असा: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. सरासरी 15,000 धरली तर 10 वर्षांना महिन्याला साधारण 2,143 रुपये होतात. 20 वर्षं भरली की 2 वर्षं वाढवून मिळतात, म्हणजे 22 वर्षांचे 4,714. ही पेन्शन 58 व्या वर्षापासून मिळते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कमी होते. पेन्शनरच्या मागे जोडीदाराला निम्मी मिळते.

मात्र 10 वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शन नाही. तरुणपणी सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, आणि ते होताना कुणाच्या लक्षातही येत नाही. समजा एकाने पहिल्या कंपनीत 6 वर्षं काढली, नोकरी सोडली आणि पीएफसोबत पेन्शनचीही रक्कम उचलली. हातात 90 हजारांच्या आसपास आले. पुढच्या कंपनीत 8 वर्षं झाली आणि नोकरी कायमची सुटली. आता त्याच्या खात्यावर आहेत फक्त 8 वर्षं. पहिली 6 जोडलेली असती तर 14 झाली असती आणि 58 नंतर आयुष्यभर महिन्याला 3,000 मिळाले असते. ते 90 हजार म्हणजे तशा पेन्शनचे जेमतेम अडीच वर्षांचे पैसे.

म्हणून नोकरी बदलताना पीएफ नव्या खात्यात ट्रान्सफर करा. लगेच दुसरी नोकरी नसेल तर फॉर्म 10सी भरून पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागा. त्यात तुमची वर्षं जपून राहतात आणि पुढच्या नोकरीत जोडली जातात.

सगळ्यांना ही पेन्शन असतेच असं नाही. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्यांचा पगार सुरुवातीलाच 15,000 च्या वर असेल, तर ते ईपीएसमध्ये नसतात आणि मालकाचा सगळा हिस्सा ईपीएफमध्येच पडतो. त्यांच्या पासबुकात पेन्शनचा रकाना रिकामा दिसतो, ती चूक नव्हे.

आणि जिथे पेन्शन आहे तिथेही तिच्या भरवशावर म्हातारपण निघेल असं समजू नका. महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. आपल्या हातात वाढवण्यासारखा असतो तो ईपीएफ: 12 टक्क्यांच्या वर स्वेच्छेने भरता येतं, त्यालाच व्हीपीएफ म्हणतात. व्याज 8 टक्के धरून वर्षाला 12,000 जास्तीचे पंचविशीपासून भरले, तर 58 व्या वर्षी त्यांचे सुमारे साडेसतरा लाख होतात. तेच पस्तिशीत सुरू केलं तर सव्वासात लाखांच्या आसपास. भरणा कमी झाला फक्त 1 लाख 20 हजारांनी, हाती येणारी रक्कम मात्र दहा लाखांनी घटली.

शेवटी एक गोष्ट, जी पाहून दर वेळी कुणीतरी हादरतं. ट्रान्सफर झाल्यावर नव्या पासबुकात ईपीएफची जुनी रक्कम दिसते, पण पेन्शनच्या रकान्यात त्या नोंदीपुढे शून्य असतं. पैसे बुडालेले नसतात. तिथे रक्कम जातच नाही, नोकरीचा काळ जातो. तो सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे पीएफच्या पोर्टलवरच्या तुमच्या नोकऱ्यांच्या नोंदीत पाहा: जुन्या कंपनीच्या रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा नीट आहेत का, एवढं तपासा आणि चूक दिसली तर तिथले ओळखीचे लोक अजून नोकरीत आहेत तोवर दुरुस्त करून घ्या.