तलफ पाच मिनिटांची, मेसेजही तेव्हाच हवा

31 मे, तंबाखूविरोधी दिन आला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सडलेल्या जबड्यांचे फोटो फिरतात. पोट्टे ते पाहतात, पुढे पाठवतात आणि पानठेल्यावर जाऊन सिगारेट शिलगावतात. फोटो खरेच असतात, वेळ चुकलेली असते.

झुरका घेतल्यावर निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे ॲसिटिलकोलीन या निरोप पोचवणाऱ्या रसायनासाठी असलेल्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांवर, ते बसतं आणि बरं वाटायला लावणारं डोपामिन स्रवतं. रोजच्या माऱ्याने हे ग्राही बधिर होतात, त्यामुळे त्यांची संख्या वाढते. रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मं होतं, वाढीव ग्राही रिकामे पडतात आणि चिडचिड सुरू होते. सोडल्यावर पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. ग्राहींची संख्या पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून 'तीन दिवसांत निकोटिन धुऊन काढणारा काढा' हा फॉरवर्ड निव्वळ थाप आहे. निकोटिन तसंही तेवढ्यात निघून जातं, ग्राही मात्र तिथेच असतात. चहाचा कप, मित्राची काडेपेटी एवढ्यानेही तलफ उसळते. पण एकेक तलफ साधारण पाच मिनिटांत ओसरते.

ग्रुपने सांभाळायची ती हीच पाच मिनिटं. हाँगकाँगमध्ये नुकतीच सिगारेट सोडलेल्या 136 जणांवरचा प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांत व्हॉट्सॲप ग्रुपमधले 17 टक्के पुन्हा ओढू लागले. नुसती पुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण 42.6 टक्के होतं. प्रयोग लहान होता, तरी फरक मोठा आहे.

गावात करायचं तर शे-दोनशेंचा ग्रुप नको. एकाच तारखेला सोडणारी 15-20 पोरं घ्या, सोबत आशाताई किंवा उपकेंद्रातलं कुणी. प्रत्येकाच्या तलफेच्या वेळा आधी लिहून घ्या: सकाळच्या चहानंतर, वावरातून परतताना, रात्री जेवण झाल्यावर. मेसेज त्याच्या दहा मिनिटं आधी जावा आणि त्यात एकच काम असावं: पाणी पी, ठेल्याकडचा रस्ता टाळ, अमक्याला फोन लाव. मेळघाट, गडचिरोलीत रेंज जाते; तिथे सोबतीची जोडी आधीच ठरवा. कुणी झुरका मारला तर त्याला ग्रुपमधून काढू नका, त्याच दिवशी फोन करा. 1800-11-2356 ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, मोफत आहे, नंबर ग्रुपवर वरती पिन करून ठेवा.

एक धोका आपल्याकडचा खास आहे. सिगारेट सोडलेला पोरगा खर्ऱ्याकडे वळतो आणि ग्रुप त्याचं अभिनंदन करतो. खर्ऱ्यात सुपारी, चुना आणि तंबाखू असतो. चुन्यामुळे निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर शोषलं जातं, म्हणजे ग्राहींची भूक तशीच राहते. 'आज ओढली का?' एवढंच विचारू नका, 'आज खाल्ला का?' हेही रोज विचारा.