गादी आधी काट्यावर ठेवा

लग्नसराईच्या तोंडावर सोलापुरात वर्तमानपत्राच्या घडीतून गाद्यांची पत्रकं पडू लागतात. परवाच्या पत्रकावर 'फक्त तीन दिवस', 'ऑर्थोपेडिक', 'नासाचं तंत्रज्ञान', 'दहा वर्षं वॉरंटी' आणि ६० टक्के सूट एवढं सगळं होतं. गादी आठ इंच जाड आहे हे तर ठळक अक्षरात. आतल्या फोमची घनता किती, ते मात्र पाठपोट कुठेच नाही.

गंमत म्हणजे हे टॉवेलचं गाव आहे. इथे टॉवेलच्या धंद्यातला माणूस जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते विचारल्याशिवाय भावाची गोष्ट काढत नाही. कापसाची गादीसुद्धा आपण वजनावरच भरून घ्यायचो. किती किलोची हे आधी ठरायचं, मग कापूस डोळ्यांदेखत पिंजला जायचा. फोम आला आणि तेच आपण गादी इंचावर घ्यायला लागलो. विक्रेत्याची निम्मी चलाखी या इंचांत लपलेली असते, कारण इंच वाढवायला फारसा माल लागत नाही.

तो का लागत नाही हे कळायला फोम कसा बनतो ते पाहायला हवं. गादीतला फोम ज्या प्लॅस्टिकचा असतो, त्या पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. फोम करताना पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र येतात, शिवाय थोडं पाणी घालतात. मला सगळ्यात आवडतं ते हे पाणी. ते एकाच वेळी दोन कामं करतं. आयसोसायनेटशी त्याची क्रिया झाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे होतात आणि मिश्रण काही मिनिटांत फुगून वर येतं. हे पहिलं काम. त्याच क्रियेत अमाइन तयार होतं. ते उरलेल्या आयसोसायनेटला गाठून युरिया बनवतं. या युरियाच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीने, धरून फोमच्या आत बारीक, कडक गाठी तयार करतात. हे दुसरं काम.

याचा बाजारातला अर्थ असा. पाणी वाढवलं तर गॅस जास्त, म्हणजे फोम हलका आणि स्वस्त. पण पाण्याबरोबर युरियाच्या गाठीही वाढतात, म्हणजे उरलेलं प्लॅस्टिक कडक होतं. हलका फोम हाताला भरीव लागू शकतो तो यामुळे. तळहाताने दाबून "माल चांगला आहे" म्हणणारं गिऱ्हाईक इथेच फसतं. कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हाताला त्यांतली एकच कळते.

आता थोडं गणित. पॉलियुरेथेनच्या घन ठोकळ्याची घनता घनमीटरला सुमारे १२०० किलो असते. दुकानात ज्याला 'चाळीस डेन्सिटी' म्हणतात तो फोम घनमीटरला ४० किलो भरतो. म्हणजे त्यात प्लॅस्टिक फक्त तिसावा हिस्सा आणि बाकी ९६-९७ टक्के हवा. वजन पेलतात ते बुडबुड्यांच्या कडांचे बारीक दांडे. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अॅशबी यांनी १९८२ मध्ये दाखवलं की अशा उघड्या पेशींच्या, म्हणजे एकमेकांत उघडणाऱ्या बुडबुड्यांच्या, फोमचा ताठपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एकाच प्लॅस्टिकचा २८ आणि ४० घनतेचा फोम घेतला, तर ४० भागिले २८ म्हणजे १.४३ आणि त्याचा वर्ग जवळपास दोन. घनता दीडपटही वाढली नाही, ताठपणा मात्र दुप्पट झाला. २८ च्या फोममध्ये ही तूट प्लॅस्टिक कडक करून भरून काढता येते, पण दांडे तेवढेच बारीक राहतात.

वजन पडल्यावर हे दांडे आधी वाकतात. दाब वाढला की ते एकामागून एक मोडल्यासारखे दुमडतात. या टप्प्यावर जोर थोडासाच वाढवला तरी फोम भराभर खाली जातो. शेवटी पेशींच्या भिंती एकमेकींना टेकतात आणि गादीला बूड लागतं. तुमचा तळहात पहिल्या टप्प्याच्या पुढे जात नाही. रात्री कमरेखालचा भाग मात्र दुसऱ्या टप्प्यात असतो, हलक्या फोममध्ये तिसऱ्याही. म्हणून प्रयोगशाळेत ५० चौरस इंचांची तबकडी फोममध्ये जाडीच्या २५ टक्के आणि मग ६५ टक्के खोल दाबतात आणि दोन्ही वेळच्या जोराचं गुणोत्तर काढतात. साध्या फोमचं ते दोनच्या आसपास येतं, चांगल्या एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त लवचिक) फोमचं त्याहून जास्त.

खोलगा पडतो तोही इथूनच. तोच भार कमी मालावर पडला की प्रत्येक दांड्यावरचा ताण वाढतो, हायड्रोजन बंध सुटतात आणि दबलेल्या जागीच नवे जुळतात. उष्णतेने हे लवकर होतं. म्हणूनच चाचणीत फोम निम्म्या जाडीपर्यंत दाबून ७० अंशांवर २२ तास ठेवतात आणि किती परत फुगतो ते मोजतात. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ७० अंश होत नाहीत, पण तिथली गादी रोज रात्री सहा-सात तास दबलेली असते आणि तेही वर्षानुवर्षं.

तर काटा काढा. सिंगल गादी ७२ × ३६ × ६ इंच, म्हणजे ६ × ३ × ०.५ फूट, एकूण ९ घनफूट. याला घनतेने गुणून ३५.३ ने भागलं की किलोत वजन मिळतं. ४० घनतेला १०.२ किलो, ३२ ला ८.२, २८ ला ७.१. खोळीचं वजन वेगळं धरा. घरी मोजायचं तर वजनकाट्यावर गादी कवेत धरून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. '४० डेन्सिटी' म्हणून घेतलेली गादी खोळीसकट सात किलो भरली, तर पुढे बोलायला फारसं काही उरत नाही.

काट्यालाही चकवणारे आहेतच. कापडाला खळ देऊन ते जड आणि भरदार दाखवतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. फोममध्ये तेच काम खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट करते. वजन वाढतं, पण भुकटी भार पेलत नाही. असा फोम फाटतोही लवकर, म्हणून नमुन्याचा तुकडा मागून कडेला चिमटीत धरून ओढून बघावा. दुसरा प्रकार रिबॉन्डेड फोमचा. कारखान्यातल्या कातरणांचा चुरा गोंद घालून दाबला की हा तयार होतो. त्याची घनता ८०-१०० सहज असते आणि विक्रेता तो आकडा छाती फुगवून सांगतो. रिबॉन्डेड टाकाऊ नव्हे, कडक थर म्हणून तो चालतो, पण त्याचा १०० आणि सलग फोमचा ४० यांची तुलनाच होत नाही. खोळीची चेन उघडली की रंगीबेरंगी तुकडे लगेच दिसतात. चेनच नसेल तर का नाही, हे विचारा. 'मेमरी फोमची गादी' म्हणून वर एक इंच मेमरी आणि खाली पाच इंच भलतंच, हेही चेन उघडल्यावरच कळतं.

मेमरी फोम नासासाठी झालेल्या कामातून आला हे खरं आहे. १९६६ च्या सुमारास चार्ल्स योस्ट यांनी तो विमानातल्या आसनांसाठी केला. त्याचा झोपेशी संबंध नव्हता आणि अंतराळवीर तर वजनरहित अवस्थेत भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात. या फोमचा स्वभाव तापमानावर ठरतो, गारव्यात तो घट्ट असतो आणि उष्णतेत सैल पडतो. एसी शोरूममध्ये २४ अंशांवर छान वाटलेली गादी जुळे सोलापुरातल्या वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये वेगळीच लागणार. 'कूलिंग जेल' हाताला गार लागतं, कारण ते हाताची उष्णता पटकन ओढून घेतं. पण ती उष्णता पुढे जाणार कुठे? खोलीच गरम असेल तर थोड्या वेळात जेलही गरम होतं.

'ऑर्थोपेडिक' हा शब्द छापायला कुणा डॉक्टरची सही लागत नाही. पाठदुखीला फळीसारखी गादी हवी, हा आपल्याकडचा जुना समज विक्रेत्यांना आयताच मिळतो. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना ९० दिवस वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवलं, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर दुखणं जास्त कमी झालं. दुकानात बसून उसळ्या मारण्यापेक्षा चप्पल काढून दहा मिनिटं कुशीवर झोपावं. लाज वाटते, पण पैसे आपले आहेत.

चुंबकाच्या गादीचाही समाचार घेतो. मंगल कार्यालयात ज्येष्ठांना बोलवायचं, चहा-नाश्ता द्यायचा आणि सांगायचं की रक्तातलं लोह चुंबक ओढतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारतं. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत सुट्या अणूंच्या रूपात बांधलेलं असतं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं. एमआरआय यंत्राचं क्षेत्र साधारण १.५ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतं, गादीतल्या चुंबकांच्या कितीतरी पट. रक्त खरोखर ओढलं गेलं असतं तर एमआरआय काढून कुणी चालत घरी आलं नसतं. मधुमेह, संधिवात, रक्तदाब बरा करण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या आणि तोडग्यांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी हजारोंच्या गाद्या खपतात, आणि त्याही पेन्शनच्या पैशांतून.

सूट फार मनावर घेऊ नये. एमआरपी उत्पादक स्वतःच ठरवतो, त्यामुळे आधी दुप्पट छापून मग निम्मी करणं त्याच्या हातात असतं. ऑनलाइन विक्रीत 'शेवटचे दोन नग' अशी खोटी घाई दाखवणं २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरतं. वॉरंटी कार्डावर खोलगा किती खोल असेल तर गादी बदलून मिळेल, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते पैसे देण्याआधी वाचावं.

आणि पक्कं बिल घ्यावं. 'गादी १ नग' एवढ्यावर भागवू देऊ नये. प्रत्येक थर कशाचा, किती इंचांचा, किती घनतेचा हे त्यावर लिहून घ्यावं. पुढे वजन जुळलं नाही तर हाच कागद कामाला येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करायला शुल्क लागत नाही.