‘मांटू’ ते ‘टीबी गोल्ड’: लागण कुठली, रोग कुठला?

मुंबईत खोकला दोन आठवडे हटला नाही की कुणीतरी सुचवतंच, ‘टीबी गोल्ड करून घे.’ रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात रडारड. रक्ताची ही तपासणी जंतू शोधतच नाही. शरीराची जंतूशी कधी गाठ पडली होती का, एवढंच ती सांगते.

घोळ जुना आहे. रॉबर्ट कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला आणि 1890 मध्ये त्या जंतूंचा अर्क, ट्युबरक्युलिन, औषध म्हणून पुढे आणला. औषध सपशेल आपटलं. पण लागण झालेल्याला ते टोचलं की अंगात प्रतिक्रिया उठायची. त्यावरूनच 1907 मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्केने कातडीवर ओरखडा काढायची चाचणी बसवली. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मांटूने ती सुईने कातडीच्या आत नेली. आपली ‘मांटू’ ती हीच. हातावर बारीक फुगा, भोवती बॉलपेनचा गोल, आणि 48 ते 72 तासांनी पट्टी लावून मोजणी. मोजायचा तो कडक उठलेला भाग. नुसती लाली धरायची नाही.

पुढे बीसीजी, म्हणजे टीबीची लस, आड आली. लस घेतलेल्याचीही मांटू उठू शकते, आणि आपल्याकडे लस जन्मतःच टोचतात. ‘टीबी गोल्ड’ने तेवढा गुंता सोडवला. क्षयाच्या जंतूत असलेल्या पण बीसीजीच्या जंतूत नसलेल्या ईसॅट-6 आणि सीएफपी-10 या प्रथिनांसोबत रक्त 16 ते 24 तास 37 अंशांवर ठेवतात, मग जंतूची ओळख असलेल्या पेशींनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा हे रसायन मोजतात. जंतू जागा की झोपलेला, हे मात्र तिलाही कळत नाही. लागण झालेल्यांपैकी 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. उलट रोग बळावलेल्या माणसाचा रिपोर्ट कधीकधी निगेटिव्ह येतो, हे जास्त धोक्याचं. आपल्यासारख्या देशांत सक्रिय क्षयाच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच बजावलं. रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या किटवर तर भारताने 2012 मध्ये बंदीच घातली.

फुप्फुसाचा रोग पकडायचा तर बेडकाच हवा. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर गुलाबी काड्या दिसतात, पण त्यासाठी मिलिलिटरमागे हजारो जंतू लागतात. 2010 च्या डिसेंबरात मान्यता मिळालेली, जंतूची जनुकं ओळखणारी जीनएक्सपर्ट चाचणी त्याहून कितीतरी कमी जंतूंत काम भागवते आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का तेही दोनेक तासांत सांगते. औषधांना न जुमानणारा टीबी मुंबईला नवा नाही, म्हणून हे दुसरं उत्तर इथे पहिल्याइतकंच महत्त्वाचं. फक्त डबीत लाळ नको. सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडका द्यायचा.