दमट हवेतले आठशे मीटर

आठशे मीटर म्हणजे लांबवलेली चारशे मीटर, असे मानून शाळकरी मुलांना तयार केले जाते. शरीराचा हिशेब वेगळा आहे. ८०० मीटर शर्यतीतली सुमारे ६० ते ६५ टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते, १५०० मीटरमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यामुळे दोन्ही शर्यतींसाठी दम आधी कमवावा लागतो. दम कमावण्याची रूढ रीत म्हणजे सलग लांब धावणे, आणि गोव्याची हवा नेमकी तिथेच आडवी येते.

धावताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती काढून टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र त्यासाठी वाफ व्हावी लागते. हनुवटीवरून ट्रॅकवर ठिबकणारा घाम शरीरातले पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तेच इथे कातडीवर घडते. हवेत आधीच इतकी वाफ असते, की घामाला उडून जायला लावणारी ओढ हिवाळ्यातल्या पुण्याच्या तुलनेत जवळपास निम्मी राहते.

मे महिन्यात पहाटेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि दुपारी ती बरीच उतरते, म्हणून काहींना दुपार बरी वाटते. पण टक्केवारी उतरते ती हवा तापल्यामुळे. हवेतली प्रत्यक्ष वाफ दिवसभर जवळपास तेवढीच असते, वर ऊन वाढते. तेव्हा सराव पहाटेच घ्यावा, पण पहाट आहे म्हणून हवा सोपी आहे असे धरू नये.

घाम उडाला नाही की हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवते आणि पायांच्या वाट्याचे कमी होते. वेग तोच राहतो, नाडी मात्र चढत जाते. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला मुलगा ढेपाळतो. सर म्हणतात, दम कमी पडतोय, अंतर वाढवा. दोन-तीन आठवड्यांत तो मुलगा कायमचा थकलेला दिसू लागतो. दोष त्याच्या दमाचा नव्हता, हवेचा होता.

यावर उपाय असा, की वेग राखायचा आणि लांबी तोडायची. ८०० मीटर २:०४मध्ये धावू पाहणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा थंड, कोरड्या हवेत ५ किलोमीटर सलग, किलोमीटरला ३:४० मिनिटे या गतीने करील. गोव्यात मार्च ते मे त्याला १ किलोमीटरचे पाच तुकडे द्यावेत, मध्ये ७५ सेकंद सावलीत चालणे, मानेवर ओला टॉवेल. फार दमट दिवशी किलोमीटरमागे ५ ते १० सेकंद सैल सोडावेत. प्रत्येक तुकड्यानंतर एका मिनिटाने मानेवर बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. पहिल्या तुकड्यानंतरच्या आकड्यापेक्षा नाडी १५-२० ठोके वर राहू लागली, की त्या दिवसाचे काम तिथेच संपवावे, चारच तुकडे झाले असले तरी.

२०० मीटरचे तुकडे मात्र हवा फारसे बिघडवत नाही, कारण अर्ध्या मिनिटात शरीर तापायला वेळच मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात शर्यतीचा वेग इथेच जपायचा. याच मुलासाठी ३१ सेकंदांत २०० मीटर चार वेळा, मध्ये ९० सेकंद चालणे, मग ७ मिनिटे विश्रांती आणि पुन्हा चार. हमखास होते असे, की पहिला तुकडा २८मध्ये पळतो आणि चौथा ३४वर जातो. त्यातून मुलगा वेग शिकत नाही, वेगाने सुरुवात करून मरायला शिकतो. प्रशिक्षकाने शेवटच्या रेषेवर उभे न राहता १०० मीटरच्या खुणेवर उभे राहावे आणि १५.५ सेकंदांशी ताडून मोठ्याने वेळ सांगावी. तिथे अजून दुरुस्ती करता येते.

शर्यतीतही हेच. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचा १:४०.९१चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचे लॅप, म्हणजे ४०० मीटरच्या फेऱ्या, ४९.२८ आणि ५१.६३ सेकंदांच्या होत्या. पहिला लॅप किंचित जलद, एवढेच. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत भारताचे श्रीराम सिंग पहिल्या लॅपमध्ये सर्वांच्या पुढे होते. ते सातवे आले, पण त्यांची १:४५.७७ ही वेळ भारतीय विक्रम म्हणून २०१८पर्यंत टिकली. आपल्या मुलाने ६१ आणि ६३ असे लॅप काढावेत. पहिले २०० मीटर २७मध्ये काढले, तर ६००च्या खुणेपाशी पाय भरून येतात. त्याचे खापर लॅक्टेटवर, म्हणजे जोरात धावताना स्नायूंत तयार होणाऱ्या पदार्थावर, फोडतात, पण लॅक्टेट स्नायूंचे इंधनही असते. आकुंचन मंदावते त्यामागे मुख्यतः स्नायूंत साठलेले फॉस्फेट आणि आम्लता असते. शिवाय वळणावर दुसऱ्या लेनमध्ये अडकलात, तर दर वळणाला साडेतीन मीटरहून जास्त फुकट धावावे लागते.

कोळवा किंवा मिरामारची वाळू ओहोटीला, ओली आणि घट्ट असतानाच वापरावी. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितके जायचे तितकेच परत यायचे. कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाचेमागची शीर दुखावते. चढाच्या सरावाला पणजीतल्या आल्तिनो टेकडीचे रस्ते उत्तम.

कोरड्या प्रदेशातून येणाऱ्या धावपटूला या हवेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. २०२३मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या मैदानी शर्यती बांबोळीला झाल्या, तशी स्पर्धा असेल तर दोन दिवस आधी पोचून भागत नाही.

सरावाआधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत, वजन करावे. एक किलो उतरले तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर द्रव प्यायला हवा. नुसते पाणी ढोसल्याने ते लघवीवाटे निघून जाते, मीठ हवेच. गोव्याच्या घरांतली मीठ घातलेली पेज आणि सोबत लोणच्याची फोड यात पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही येते. विकतच्या रंगीत बाटलीची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन एक टक्क्याहून जास्त कमी असेल, तर त्या दिवशी तुकडे नकोत, नुसते हलके धावणे. आणि पेज, झोप सगळे ठीक असूनही एखादी मुलगी महिनाभर मागे पडत असेल, तर तिला आणखी धावायला लावण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे. पाळी अनियमित किंवा बंद झाली असेल, तर ते कमी खाण्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी अंतर उतरवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.